एकाच आवारातले पाच संगणक क्लब आणि एक सामाईक सर्व्हर

जुना_समन्वयक (धागाकर्ता)

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून काही वर्षांपूर्वी बाहेर पडलो. शेवटच्या वर्षी तेथील विद्यार्थ्यांच्या लिनक्स (मुक्त संगणक प्रणाली) गटाचा मी समन्वयक होतो. गेल्या महिन्यात विभागाने माजी विद्यार्थ्यांना बोलावले होते, तेव्हा सध्याच्या समन्वयकांपैकी एकाने मला बाजूला घेऊन विचारले, "दादा, सगळ्या क्लबांनी मिळून काही करायचे म्हटले की भांडणच होते. तुमच्या वेळी कसे जमत होते?" त्याला मी खरे तेच सांगितले. आमच्या वेळीही जमत नव्हते. फक्त एकदा जमले, आणि ते का जमले हे नीट मांडता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

आमच्या आवारात संगणकाशी संबंधित पाच क्लब होते. आयट्रिपलईची विद्यार्थी शाखा, एसीएमची शाखा, सीएसआयची शाखा (तिन्ही अभियंत्यांच्या व संगणक व्यावसायिकांच्या संस्था), प्रोग्रामिंग स्पर्धा घेणारा कोडिंग क्लब आणि आमचा लिनक्स गट. एका फेब्रुवारीत तीन क्लबांनी तीन हॅकेथॉन, म्हणजे सलग बसून प्रोग्राम घडवण्याच्या स्पर्धा, जाहीर केले. तिन्हींचे प्रेक्षक तेच होते, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची साठ-सत्तर मुले. विभागप्रमुखांनी तिघांना केबिनमध्ये बोलावून "एकत्र करा, नाहीतर एकही नको" असे सुनावले आणि पाचही क्लबांचा संयुक्त हॅकेथॉन ठरला.

तयारीचे पहिले दोन दिवस पोस्टरवर कोणाचे बोधचिन्ह आधी यावे या चर्चेत गेले. शेवटी पाचही चिन्हे वर्तुळात मांडायचे ठरले. वर्तुळालाही वरची बाजू असते हे पोस्टर छापून आल्यावर लक्षात आले. नोंदणीचा फॉर्म एका मुलाच्या वैयक्तिक खात्यावर होता आणि तो मुलगा ऐन आठवड्यात मुलाखतीसाठी हैदराबादला गेला. प्रत्येक क्लबने आपापले एक्स्टेन्शन बोर्ड आणले, परंतु कोणत्या खोलीचा भार कोणत्या फेजवर आहे हे पाहण्याचे काम कोणाकडेच नव्हते. रात्री पावणेबाराच्या सुमारास एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) पडला आणि पाऊण तास दोन प्रयोगशाळा अंधारात राहिल्या. इलेक्ट्रिशियनचा क्रमांक दुसऱ्या क्लबकडे असेल, असे पाचही क्लब शेवटपर्यंत समजत होते.

जे जमले ते याच्या अगदी उलट रीतीने जमले. कोडिंग क्लब प्रयोगशाळेत स्पर्धा घेत असे, परंतु साठ संगणक एकाच वेळी बाहेरच्या संकेतस्थळावर गेले की महाविद्यालयाचे इंटरनेट गुदमरून जाई आणि अर्धी स्पर्धा पान उघडण्याची वाट पाहण्यात संपे. आमच्याकडे प्रयोगशाळेने बाद केलेला एक डेस्कटॉप होता, पण त्यावर काय चालवावे हे आम्हाला सुचत नव्हते. कोणीतरी डॉमजज बसवून पाहू म्हणाले. स्पर्धकाचा प्रोग्राम घेऊन तो चाचण्यांवर तपासणारी आणि गुणफलक दाखवणारी ही मुक्त प्रणाली आतल्या नेटवर्कवरच चालते, त्यामुळे बाहेरचे इंटरनेट लागत नाही. प्रश्न आणि चाचण्यांचा संच कोडिंग क्लबने करायचा, यंत्र आम्ही सांभाळायचे, अशी विभागणी कोणत्याही बैठकीवाचून आपोआप झाली. वीज गेली की स्पर्धा वाहून जाते हे दुसऱ्याच शनिवारी कळले, तेव्हा आयट्रिपलईच्या शाखेतील इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी त्यांच्याकडे पडून असलेला एक यूपीएस दुरुस्त करून दिला. दर पंधरा दिवसांनी एक शनिवार असा तो उपक्रम मी बाहेर पडल्यानंतरही चालू राहिला.

माझे मत असे झाले आहे की, जेथे एका क्लबकडे नसलेली वस्तू किंवा कौशल्य दुसऱ्याकडे असते तेथेच सहकार्य टिकते. पाचही क्लब एकच गोष्ट करत असतील, तर त्यांना एकमेकांशी वाटून घेण्यासारखे फक्त श्रेय उरते, आणि श्रेय वाटले की कमी होते. आपला अनुभव यापेक्षा वेगळा असल्यास अवश्य लिहावा.

तांबडा_पांढरा

वर्तुळालाही वरची बाजू असते, हे वाक्य आमच्या नोटीस बोर्डावर लावायला हवे. आमच्याकडे चिन्हे वर्णानुक्रमाने लावायचे ठरले, तर एका क्लबने पुढच्या वर्षी स्वतःच्या नावाआधी 'अ' जोडता येईल का, याची गंभीरपणे चौकशी केली होती.

शून्य_एक

मी सध्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि दोन क्लबांमध्ये काम करते, म्हणून आतून जे दिसते ते लिहिते. ऑगस्टमध्ये दुसऱ्या वर्षाची मुले पाच क्लबांच्या पाच मुलाखती देतात आणि सर्व ठिकाणी त्यांना तेच विचारले जाते, "तुला आमच्याच क्लबमध्ये का यायचे आहे?" खरे उत्तर बहुतेकांना देता येत नाही, कारण क्लबांमधला फरक मुलाखत घेणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

त्यानंतर काही क्लब अट घालतात की आमच्या कार्यकारिणीत असाल तर दुसरीकडे पद घ्यायचे नाही. निष्ठा राहावी हा त्यामागचा हेतू असतो. परंतु आमच्या आवारात जे काही सहकार्य झालेले मी पाहिले, ते दोन क्लबांमध्ये वावरणाऱ्या मुलांमुळे झाले. सभागृह शनिवारी दुसऱ्या क्लबने घेतले आहे ही बातमी पत्रातून येत नाही, ती माझ्यासारखी कोणीतरी दोन्ही व्हॉट्सअॅप गटांत असते म्हणून येते. ती माणसे नियमाने काढून टाकायची आणि मग संयुक्त समिती नेमायची, असा उलटा कारभार चालतो. शिवाय, सभासदत्वाची फी भरून घेणारा क्लब आणि फी नसलेला क्लब एकत्र आले की कार्यशाळा सभासदांना फुकट ठेवायची की सर्वांना, या प्रश्नावरच बैठक मोडते. याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

खडू_फळा

मी एका महाविद्यालयात शिकवतो आणि काही वर्षे एका विद्यार्थी शाखेचा समन्वयक प्राध्यापक होतो. मुलांना हे क्लब त्यांच्या हौसेतून निर्माण झालेले वाटतात, परंतु पाचांपैकी किमान तीन क्लबांचे अस्तित्व कागदावरच्या गरजेतूनही आलेले असते, हे येथे सांगणे मला आवश्यक वाटते.

एनबीएच्या, म्हणजे अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, स्वमूल्यमापन अहवालाच्या ज्या नमुन्यावर आम्ही अनेक वर्षे काम केले, त्यात पदवी अभ्यासक्रमासाठी एकूण १००० गुण होते. त्यांपैकी व्यावसायिक संस्थांच्या शाखा आणि त्यांनी घेतलेले उपक्रम यांना ५ गुण, तर विद्यार्थ्यांनी बाहेरच्या संस्थांमधील स्पर्धांत घेतलेल्या सहभागाला १० गुण होते. एका आवारातील दोन शाखांनी मिळून काही केले, याला वेगळा रकाना नव्हता. ५ गुण ही किरकोळ बाब दिसते, पण त्यासाठी जी फाइल तयार होते ती जाड असते आणि तिच्यात प्रत्येक शाखेचा स्वतंत्र विभाग असतो. संयुक्त कार्यशाळा झाली की तिचा अहवाल, उपस्थितीपत्रक आणि छायाचित्रे कोणत्या विभागात लावायची, यावर दोन प्राध्यापकांमध्ये जो ताण निर्माण होतो तो मुलांपर्यंत 'सर नको म्हणाले' एवढ्याच शब्दांत पोहोचतो. हा ताण माझ्यामुळेही निर्माण झालेला आहे, हे मान्य करतो.

त्यावर आम्ही काढलेला उपाय अगदी साधा होता. संयुक्त उपक्रमाचा अहवाल एकच लिहायचा, त्याच्या पहिल्या पानावर कोणत्या शाखेने कोणते काम केले हे वाक्यांत लिहायचे, आणि त्याच्या प्रती दोन्ही फाइलींत लावायच्या. आयोजक म्हणून दोन नावे लिहिण्याऐवजी 'प्रश्नसंच अमुक शाखा, यंत्रणा तमुक शाखा' असे लिहिले की तपासणीला आलेल्या समितीलाही शंका राहत नाही. धागाकर्त्यांनी सांगितलेली डॉमजजची विभागणी अशा अहवालात चपखल बसली असती.

जुना_समन्वयक

सर, आपण लिहिलेले वाचून काही जुन्या बैठकांचा उलगडा आज झाला. आमचा लिनक्स गट कोणत्याच व्यावसायिक संस्थेची शाखा नव्हता, त्यामुळे आमच्यासाठी कोणाच्या फाइलीत विभागच नव्हता. इतर क्लब आमच्याशी मोकळेपणाने का वागत, याचे कारण कदाचित हेच असावे. आमच्याकडे श्रेय गेले तरी कोणाच्या फाइलीतले एक पानही कमी होत नव्हते.

पश्चिमवारा

मी पदव्युत्तर शिक्षणासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात होतो. तेथील उदाहरण या चर्चेला अगदी लागू पडते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तेथे विद्यार्थ्यांनी चालवलेल्या संगणक संघटना अनेक आहेत आणि त्यांच्यातील कामाची वाटणी कोणत्याही समितीने केलेली नाही. ती गरजेतून घडत गेली आहे. एक्ससीएफ, म्हणजे 'प्रायोगिक संगणन सुविधा', १९८६ साली सुरू झाली आणि ती संख्येने लहान, पण खोलवर प्रोग्रामिंग करणाऱ्यांची राहिली. ओसीएफ, म्हणजे 'मुक्त संगणन सुविधा', १९८९ साली निघाली. संगणकशास्त्राचा विद्यार्थी असो वा इतिहासाचा, आवारातील कोणालाही संगणक वापरता यावा, हा तिचा हेतू होता. संगणकशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्यांची सीएसयूए ही संघटना तिसरी. एकीचे काम घडवण्याचे, दुसरीचे पुरवण्याचे आणि तिसरीचे आपल्या विभागातील मुलांना एकमेकांशी जोडण्याचे, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

आपल्यापैकी ज्यांनी गिम्प हे चित्रसंपादनाचे मुक्त सॉफ्टवेअर वापरले आहे त्यांनी एक्ससीएफचे नाव नकळत पाहिलेले आहे. १९९५ साली स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिम्प लिहायला घेतले, आणि ते दोघेही एक्ससीएफचे सदस्य होते. गिम्पमधले चित्र जतन करताना फाइलीच्या नावापुढे जो 'एक्ससीएफ' प्रत्यय लागतो तो त्या क्लबचाच आहे. पोस्टरवर बोधचिन्ह कोठे असावे यासाठी भांडणाऱ्यांनी हा मार्गही विचारात घ्यावा.

ओसीएफचे कामकाज मी जवळून पाहिले आहे. विद्यार्थी संघाच्या इमारतीतील त्यांच्या प्रयोगशाळेत कोणीही विद्यार्थी जाऊन बसू शकतो, ठरावीक पाने फुकट छापू शकतो, आणि आवारातील इतर विद्यार्थी संघटनांची संकेतस्थळे त्यांच्याच सर्व्हरवर चालतात. त्या सर्व्हरची नावे आपत्तींवरून ठेवण्याची पद्धत आहे. माझ्या वेळी ज्यावर लॉगिन करावे लागे त्याचे नाव 'त्सुनामी' होते. सर्व्हर बंद पडल्याचे पत्र आले की ती आपत्ती खरी की यंत्राची, हे नव्या माणसाला क्षणभर कळत नसे. ओसीएफ आणि एक्ससीएफ मिळून लिनक्स प्रशासनाचा एक अभ्यासवर्ग चालवत. बर्कलीत विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या अशा वर्गांना 'डीकॅल' म्हणतात आणि त्यांचे श्रेयांक पदवीत धरले जातात. या वर्गामागचे गणित मला फार आवडले. ओसीएफला सर्व्हर सांभाळणारी नवी माणसे दर वर्षी हवीच असतात, म्हणून शिकवणे हे त्यांच्यासाठी परोपकाराचे काम राहत नाही, पुढच्या वर्षीची भरती त्यातूनच होते.

कीबोर्डवाला

बर्कलीचे उदाहरण सुरेख आहे, परंतु ते वाचून कोणीतरी आपल्याकडे 'सर्व क्लबांची शिखर समिती' काढेल, याची मला धास्ती वाटते. आमच्याकडे ती निघाली होती. पूर्वी सभागृहासाठी एका अर्जावर दोन सह्या लागत, समिती आल्यावर चार लागू लागल्या. दोन वर्षांत समितीने स्वतःचाच एक हॅकेथॉन सुरू केला, म्हणजे पाच क्लबांचे सहा झाले.

त्याच वेळी, शिखर रचना सर्वत्र निकामी ठरते असेही म्हणता येणार नाही. आयआयटी मुंबईत वेब अँड कोडिंग क्लब, इलेक्ट्रॉनिक्स अँड रोबोटिक्स क्लब, खगोलाचा क्रित्तिका असे क्लब संस्थेच्या तांत्रिक परिषदेखाली काम करतात आणि तेथे 'टिंकरर्स लॅब' नावाची, विद्यार्थ्यांनीच चालवलेली सामाईक कार्यशाळा आहे. माझ्या समजुतीप्रमाणे खरा फरक परिषदेमुळे पडत नाही, त्या कार्यशाळेमुळे पडतो. रात्री सोल्डरिंग करायला आलेला मुलगा आणि कोड लिहायला आलेली मुलगी एकाच टेबलाशी बसली की कोणाला ठराव करावा लागत नाही. आमच्या समितीकडे सह्या होत्या, खोली नव्हती.

मॉडेल_कॉलनी

पुण्यातील 'ग्नूनिफाय' येथे आठवले. अतुर सेंटरमधील सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत, म्हणजे एसआयसीएसआरमध्ये, विद्यार्थी आणि 'प्लग' हा शहरातील लिनक्स वापरकर्त्यांचा गट मिळून ही मुक्त सॉफ्टवेअरची परिषद फेब्रुवारीच्या आसपास भरवत असत. आवार, स्वयंसेवक आणि धावपळ विद्यार्थ्यांची; वक्ते, ओळखी आणि तांत्रिक शिदोरी बाहेरच्या गटाची. मी तेथे एकदा नोंदणीच्या टेबलावर बसलो होतो. त्या टेबलावर आमच्याबरोबर नोकरी करणारे, पन्नाशीतले एक गृहस्थ नावे लिहून घेत होते आणि संस्थेतला दुसऱ्या वर्षाचा मुलगा त्यांना हक्काने "काका, जरा भराभर" म्हणत होता. चर्चा एका आवारातील क्लबांची आहे, हे मान्य. पण बाहेरचा एखादा गट मधे असला की आतल्या दोघांची तुलना थांबते, असा माझा अनुभव आहे.

शून्य_एक

एक मुद्दा कोणीच मांडलेला नाही, तो मांडते. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्या मुलांचे प्रवेश उशिरा होतात. ती वर्गात येऊन बसतात तोपर्यंत ऑगस्टमधल्या क्लबांच्या मुलाखती उरकलेल्या असतात. या मुलांपैकी अनेकांचा हात प्रत्यक्ष कामात आमच्यापेक्षा चांगला बसलेला असतो. नेटवर्कच्या केबलला आरजे-४५ हा जोड लावायला मला त्यांच्यातल्याच एकीने शिकवले. तरीही पाचही क्लबांचे दार त्यांना एकदमच बंद मिळते, कारण पाचही क्लब एकाच आठवड्यात दार उघडतात.

या वर्षी आम्ही दोन क्लबांनी ऑक्टोबरमध्ये मिळून दुसरी भरती घेतली. मुलाखत ठेवली नाही. दोन शनिवारी लिनक्स आणि गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) यांची ओळख करून देणारी बैठक घेतली आणि ती मराठीत घेतली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठीत ध्वनिमुद्रित केलेले छोटे पाठ त्यासाठी उपयोगी पडले. एक पाठ पाहायचा, लगेच तो स्वतःच्या यंत्रावर करून बघायचा, असा क्रम ठेवला होता. इंग्रजीतल्या कार्यशाळेत शेवटच्या रांगेत गप्प बसणारी मुले येथे "ही आज्ञा चुकली तर सगळे पुसले जाईल का?" असे विचारत होती, आणि तो त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रश्न होता. दोन क्लब एकत्र येण्याचे कारणही व्यवहाराचेच होते. आमच्याकडे शिकवणारे होते, त्यांच्याकडे प्रयोगशाळेची शनिवारची परवानगी होती.

खडू_फळा

थेट दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा मुद्दा मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. आमच्या विभागाच्या पुढच्या बैठकीत तो मांडतो.

पश्चिमवारा

धागाकर्त्यांनी डॉमजजचा उल्लेख केला, त्याबद्दल एक छोटी भर. ही प्रणालीसुद्धा विद्यार्थी संघटनेतूनच जन्मली आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात 'आ-एस्क्वाद्राट' ही गणित, भौतिकी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची संघटना आहे. तिच्या सदस्यांनी २००४ च्या सुमारास स्वतःच्या स्पर्धांसाठी ती लिहायला घेतली. आज आयसीपीसी या महाविद्यालयीन प्रोग्रामिंग स्पर्धेच्या जागतिक अंतिम फेरीतही ती वापरली जाते. त्या स्पर्धेत तिघांच्या संघाला एकच संगणक मिळतो, हे येथे आठवले. कळफलक एकच असला की काय वाटून घ्यायचे हे तिघांनाही लवकर समजते.

कीबोर्डवाला

जुना_समन्वयक, आपण मूळ धाग्यात लिहिले आहे की उपक्रम आपल्यानंतरही चालू राहिला. तो कोणामुळे राहिला? आमचा अनुभव असा की दर जूनमध्ये कार्यकारिणी बदलते आणि त्याबरोबर पासवर्डही हरवतात. आमच्या एका क्लबचे संकेतस्थळ केवळ एवढ्याच कारणाने गेले की डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना चार वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या महाविद्यालयीन ईमेलवर जात होती, आणि तो ईमेल महाविद्यालयाने बंद केला होता.

जुना_समन्वयक

प्रश्न नेमका आहे. उत्तर देताना मला थोडा संकोच वाटतो, कारण त्याचे श्रेय आम्हा विद्यार्थ्यांपैकी कोणाचेच नाही.

तो सर्व्हर प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, टेबलाखाली होता. पहिल्या सहा महिन्यांत तो तीनदा बंद पडला, आणि तिन्ही वेळा कारण एकच निघाले: साफसफाईच्या वेळी कोणीतरी त्याचा प्लग काढून तेथे व्हॅक्यूम क्लीनर लावत असे. आम्ही 'बंद करू नये' अशी चिठ्ठी डकवली, ती पहिल्याच पावसाळ्यात ओलीने सुटून पडली. आमच्या प्रयोगशाळा साहाय्यकांनी मग दोन गोष्टी केल्या. प्लग वरच्या खणाच्या मागे, हात पोहोचणार नाही अशा जागी नेला, आणि दोनशे पानी एक वही आणून कपाटात ठेवली. त्या वहीत सर्व्हरचा आयपी पत्ता, कोणत्या क्लबच्या कोणत्या मुलाकडे कोणते काम आहे, शेवटचा बॅकअप कधी घेतला आणि यूपीएसची बॅटरी कधी बदलली, हे तारखेसह लिहायचे. पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटावर दोन क्लबांच्या दोघांच्या सह्या, आणि पाकीट त्यांच्या कपाटात. नवी कार्यकारिणी आली की जुनीने त्यांच्यासमोर पाकीट फोडायचे, पासवर्ड बदलायचा आणि नवे पाकीट करायचे. हे सगळे ते दरवर्षी स्वतः करवून घेत. "पाकीट झाल्याशिवाय प्रयोगशाळेची किल्ली मिळणार नाही" एवढाच त्यांचा नियम होता. आम्ही सगळे चार वर्षांचे पाहुणे; ते तेथे वीस वर्षांहून अधिक काळ आहेत.

हा धागा वाचून मी काल त्यांना फोन केला. वही अजून आहे, आता ती दुसरी चालू आहे. शेवटच्या नोंदीप्रमाणे यूपीएसची बॅटरी बदलण्याची वेळ मार्चमध्येच उलटून गेली आहे. नवी बॅटरी कोणत्या क्लबच्या पैशातून आणायची, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही, असे ते म्हणाले. सध्याच्या समन्वयकाला मी या धाग्याचा दुवा पाठवला आहे. पुढच्या शनिवारी स्पर्धा आहे, म्हणून बॅटरी तूर्तास मी पाठवत आहे. पैशाचे तुम्ही आपसांत ठरवा, पण वहीत नोंद आधी करा, एवढे त्याला कळवले आहे.